उभ्या पडद्याखालची सहा नावं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, खलीलभाईला नाही, आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं त्यांना तर नाहीच नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, केजला तुमचं कधी येणं होणार नाही — हेच कारण असावं. म्हणजे बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली.

गावात माझं नाव चांगलं आहे. आपण बरं, आपलं दुकान बरं. कुणाच्या अध्यात ना मध्यात. ‘सर लई सज्जन माणूस हाय’ असं लोक माझ्या तोंडावर म्हणतात आणि मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं हा विनय आहे. विनय कसला, डोंबलाचा!

कुठून सुरू करू? मशीनपासून करतो. मशीनबद्दल बोलायला मला सोपं जातं, माणसांचं आलं की जीभ अडखळते.

जीपथांब्यासमोर, तहसीलच्या रस्त्याला माझं कंप्युटरचं दुकान. तेव्हा एसटीडीच्या काचेच्या पेट्या नुकत्या ओस पडायला लागल्या होत्या, आणि ‘इंटरनेट’ हा शब्द लोक नव्या पाहुण्याचं नाव घ्यावं तसा जपून घ्यायचे. मी बी.एस्सी. झालेला, नोकरी न मिळालेला, पण डोक्यात हवा भरपूर. विकतची सिस्टीम घ्यायची ऐपत नव्हती आणि चोरीची घालायची नाही असा ताठा होता, म्हणून एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम घातली. हसा, हसा. चोरीचं सॉफ्टवेअर वापरायला लाजणारा हा माणूस पुढं काय काय करायला लाजला नाही, ते येईलच.

दुकानात दोन मॉनिटर होते. एक आत, माझ्यासमोर. दुसरा खिडकीत, रस्त्याकडं तोंड करून. आतल्या मशीनमध्ये जे उघडलंय ते बाहेरच्या पडद्यावर आपोआप दिसावं असा एक छोटा प्रोग्राम मी लिहिला होता. आपोआप कशाला? तर लोडशेडिंग. वीज तयार होते आमच्याच जिल्ह्यात, परळीला, आणि दिवसातून चार वेळा लाईट जाते ती आमच्याकडंच. लाईट आली की मी जागेवर असो नसो, बाहेरचा पडदा आपला आपण चालू व्हावा आणि त्यावर आतलंच चित्र दिसावं — एवढं काम. लई अभिमान होता मला त्याचा. जीपवाले चहा पीत उभे राहायचे आणि म्हणायचे, सरांनी स्वतः बनवलंय बरं का.

मग बारावीच्या निकालाचं आलं. पोरं आदल्या दिवशी येऊन वहीत आपला परीक्षा क्रमांक लिहून जायची. निकालाच्या दिवशी मी फोनच्या लाईनवर झगडून एकेक नंबर बघायचा, आणि पास झालेल्यांची नावं यादीत घालायची. फक्त पास झालेल्यांची. नापास पोरांची नावं भर रस्त्यावर लावायची नाहीत, असा नियम मीच केला होता. पोरांची अब्रू राहावी म्हणून. चांगलाच नियम होता तो — अजूनही मला चांगलाच वाटतो. पण त्याचा अर्थ असा झाला, की यादीत नाव नाही म्हणजे पोर नापास. दुसरा अर्थच नाही.

यादी लांब होणार होती. आडव्या मॉनिटरवर एका वेळी अर्धीच मावली असती, आणि बाहेर उभ्या गर्दीला ती वरखाली सरकवता आली नसती. म्हणून मी बाहेरचा मॉनिटर कुशीवर उभा केला, खाली दोन विटा लावल्या. एका कोपऱ्यात जांभळा डाग धरला त्यानं, पण चाललं. चित्र काटकोनात वळवायची सोय प्रोग्राममध्ये आठवडाभर खपून केली. पंधरा-वीस नावं टाकून बघितली. अक्षरं सरळ उभी राहिली आणि मी एकट्यानंच टाळी वाजवली.

आता चूक सांगतो. अगदी साधी आहे. चित्र मी वळवलं, पण पडद्याची उंची किती, हे प्रोग्राम अजून जुन्या आडव्या पडद्याचीच धरत होता. उभा पडदा उंच झाला होता, आणि प्रोग्रामला ते माहीतच नव्हतं. तो जुन्या उंचीपर्यंत यादी काढायचा आणि थांबायचा. खाली उरायचं ते काळं. माझ्या यादीची पाटीही काळीच, अक्षरं पांढरी. त्यामुळं यादी तुटलीय असं कुणाला वाटलंच नसतं, यादी संपली असंच वाटलं असतं. पंधरा-वीस नावांत हे उघडकीला येत नव्हतं. निकालाच्या दिवशी नावं बरीच जास्त झाली.

इथपर्यंतचं माफ करण्यासारखं आहे, असं तुम्ही म्हणाल. चूक कुणाची होत नाही? मीही स्वतःला हेच सांगत आलो, कितीतरी वर्षं. पण मी चूक कबूल करायला बसलेलोच नाही.

सुरेखा — तिचं नाव सांगावं की नाही, याचा विचार मी दोन दिवस केला. हे तिचं खरं नाव नाही. तिचे वडील जीप चालवायचे, माझ्या दुकानासमोरच नंबर लावायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही. गाव आठ किलोमीटरवर. सुरेखा रोज त्यांच्याच जीपमधून कॉलेजला यायची, पुढच्या सीटवर, मांडीवर दप्तर. आदल्या दिवशी मी शटर ओढायच्या बेतात असताना ती धावत आली. सगळ्यात शेवटी. वहीत नंबर लिहिला, आणि तो बरोबर लिहिलाय का ते परत परत ताडून बघायला लागली.

मी म्हटलं, “अगं, पळून जातोय का नंबर?”

“सर, तुमाला काय सांगू,” ती म्हणाली. “पास झाले तर बाबा बोलणी मोडणार हायत. शब्द दिलाय मला. मग डी.एड.ला घालणार. आन् न्हाई झाले तर उद्या सांजच्याला सुपारी.”

गेवराईकडचं स्थळ होतं. त्यांना घाई होती, कारण लग्नसराईतला शेवटचा मुहूर्त सहा दिवसांवर होता आणि नंतर चार महिने काही नाही. आमच्याकडं सुपारी फुटली की विषय संपला. त्यानंतर मोडलेलं लग्न म्हणजे पोरीच्या नावाला कायमचा बट्टा. मग ती पास असो की आणखी काही. हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा — मला सगळं आधीपासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला निकाल लागला. लाईन लागत नव्हती, लागली तर तुटत होती. घामानं बोटं कीबोर्डवरून घसरत होती. एकला यादी पुरी झाली आणि मी बाहेरचा पडदा चालू केला. रस्त्यावर एकच गलका. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढत होती, खलीलभाईच्या फळगाडीवरची केळी चेंगरली तरी तो हसत होता. कॉलेजचे मुख्य सर आत आले, माझा हात हातात घेतला आणि चारचौघांत म्हणाले, “कमाल केलीत राव. पुढच्या वर्षीपासून कॉलेजचं समदं काम तुमच्याकडं.” मला त्या क्षणी काय वाटलं म्हणून सांगू! बापानं बिनकामाचा म्हटलेला पोरगा मी. माझी छाती फुगली होती, ती अशी तशी नाही.

तेवढ्यात मामा खिडकीशी आले. मागं सुरेखा. जीपचा नंबर लागला होता, मागचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

“सर, सुरीचं नाव न्हाई का? जरा नीट बघा की आत.”

आणि इथं — इथंच थांबतो मी दरवेळी. कारण मला आठवत होतं. अंधुक. सकाळपासून साठ-सत्तर नंबर डोळ्याखालून गेले होते, पण शेवटी शेवटी हे नाव टाइप केल्यासारखं बोटांना वाटत होतं. दुसरी एक सुरेखा होती यादीत, तिचंच असेल, असं मी मनाशी म्हटलं. किती वेळ लागला असता बघायला? माऊस खाली ओढायचा. बस्स. पण मुख्य सर शेजारी उभे होते, आणि ज्या यंत्राची आत्ता तारीफ झाली त्याच्यावर शंका घ्यायची?

मी मान सुद्धा वळवली नाही. म्हणालो, “मामा, बाहेर दिसतंय तेच आत हाय. मशीन कशाला खोटं बोलंल?”

लोक हसले. मामाही हसले, कसनुसं. सुरेखा हसली नाही. ती पडद्याजवळ गेली, जांभळ्या डागापासून खालपर्यंत बोट फिरवत एकेक नाव वाचलं, आणि जीपमध्ये जाऊन बसली.

तीनला खलीलभाई आत आला. फळगाडी तशीच सोडून आला, तेव्हाच कळायला हवं होतं मला.

“सर, आपल्या पोरीचं, नसरीनचं, नाव कावून न्हाई बाहेर? मेव्हण्यानं औरंगाबादहून फोन केला, पास हाय म्हणतो.”

मी यादी खाली ओढली. नसरीन होती. तिच्या मागंपुढं आणखी पाच. पाचांतली एक सुरेखा, तीच, मामांची. खलीलभाई माझ्या तोंडाकडं बघत होता. माझ्या कानातून वाफ निघतेय असं मला वाटलं.

दोन ओळींची दुरुस्ती होती. लांबीरुंदीची अदलाबदल, बाकी काही नाही. चहा थंड व्हायच्या आत झाली. बाहेरचा पडदा परत चालू केला, आणि खालच्या काळ्या जागेत सहाही नावं आली. खलीलभाईनं नसरीनचं नाव बघितलं, डोळे पुसले, आणि मग म्हणाला, “बाकीच्यांना सांगा बरं लगेच. कुणाचं लेकरू कायतरी करून घेईल. तौबा तौबा.”

“सांगितलं,” मी म्हणालो. “सगळ्यांना निरोप गेला.”

हे पहिलं सरळ खोटं. तो केळ्यांचा एक घड टेबलावर ठेवून गेला. आणि तो वळल्याबरोबर मी काय केलं असेल? बाहेरचा पडदा बंद केला. दुरुस्त झालेली, खरी, पुरी यादी — मी विझवली. मघाशी नव्हती ती नावं आता कुठून आली, असं कुणी विचारू नये म्हणून.

सहातली दोन पोरं संध्याकाळपर्यंत आपणहून आली. त्यांना म्हटलं, साईटवर उशिरा चढलं तुमचं. दोघांना कॉलेजमधून कळलं. नसरीनचं कळलेलंच होतं. राहिली एक.

पाचला मामांची जीप परत थांब्याला लागली. शेवटची फेरी, मग घर. मी उठलो, शटर अर्धं ओढलं, आणि जाऊन मामांच्या शेजारी बसलो. खरंच सांगतो, सांगायलाच बसलो होतो. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

मामा एरवी गप्प बसायचे नाहीत. त्या दिवशी गिअर टाकताना सुद्धा जपून टाकत होते. गावाबाहेर पडल्यावर म्हणाले, “जाऊ द्या सर, तिच्या नशिबात न्हाई शिकनं. मी तर ठरवूनच बसलोतो, पास झाली की त्या लोकांना हात जोडून माघारी लावायचं. सकाळधरनं बसलेत घरी पाव्हणे. बायकूनं पुरणाचा सैपाक केलाय.”

मी तोंड उघडलं. बघा ना, किती सोपं वाक्य होतं! ‘मामा, सुरेखा पास आहे.’ पाच वर्षांच्या पोराला सांगता येईल. पण त्याच्या मागून दुसरं वाक्य आलंच असतं — मग दुपारी मान का वळवली नाहीस? मागं आठ-दहा माणसं कोंबून बसलेली, सगळी ऐकणारी. उद्या थांब्यावर हेच. मुख्य सरांच्या कानावर हेच. ‘सर’ म्हणायचे लोक मला. त्या एका शब्दाची इतकी हाव असते का हो माणसाला? मला होती.

तिसऱ्या किलोमीटरला मी म्हणालो, “मामा, थांबवा जरा. एक काम राहिलं दुकानात.”

त्यांनी जीप थांबवली. पैसे काढले तर रागावले. “तुमच्याकडून घेऊ व्हय?” म्हणाले, आणि गेले. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. चांगला लख्ख उजेड होता. पुढं पाच किलोमीटर राहिले होते. पळत गेलो असतो तरी सुपारीच्या आधी पोचलो असतो. केजकडं जाणारी दुसरी जीप आली, तिला मी हात केला.

लग्नाला गेलो. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं, मामांनी स्वतः पत्रिका आणली होती. पंक्तीत बसलो, बुंदी खाल्ली, दोनदा वाढून घेतली. स्टेजवर गेलो तर सुरेखा म्हणाली, “सर, आलात? बरं वाटलं.” तिच्या हातात मी स्टीलचा डबा दिला.

गुणपत्रिका त्यानंतर आली. मामांनी ती काउंटरवर पसरली, दोन्ही हातांनी चार कोपरे दाबून धरले. फर्स्ट क्लास. ते वाचता येत नसल्यासारखे त्या कागदाकडं बघत होते.

“ह्याला काय म्हनायचं सर?”

“बोर्डाचा घोळ, मामा,” मी म्हणालो. “त्या दिवशी साईटवर नव्हतंच तिचं.”

ते बाकावर बसले. पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर म्हणाले, “तिला सांगू का नगो?” मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. आणि कीबोर्डकडं वळलो. बोर्डानं काय वाकडं केलं होतं माझं? पण बोर्ड लांब होतं, दारात येऊन विचारणार नव्हतं.

आणि गंमत ऐका. कबुली मी दिलीय — एकदा, लेखी. लिनक्सवाल्यांचे जगभर ईमेलचे गट असायचे, त्यात मी माझा प्रोग्राम टाकला होता. लग्नानंतरच्या आठवड्यात तिथं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, की पडदा वळवल्यावर उंची चुकीची धरली जात होती, खालचा भाग दिसत नव्हता, चूक माझी, क्षमस्व. कुठल्या कुठल्या देशांतून उत्तरं आली. प्रामाणिकपणाबद्दल आभार, असं एकानं लिहिलं. मी ते उत्तर छापून घेतलं, आणि कुणी बघू नये म्हणून फाडून टाकलं. सात समुद्रापलीकडं प्रामाणिक, आणि आठ किलोमीटरवर? 

तेव्हापासून कुठलीही यादी समोर आली — रेशनची, मतदारांची, पोरांच्या शाळेची — मी तळाला जातो. यादी संपली तरी खाली जात राहतो. रिकामी काळी जागा दिसली की तिथं कुणीतरी आहे असं वाटतं, वाट बघत. बायको म्हणते, काय शोधताय एवढं? मी म्हणतो, काही नाही, सवय.

मामा चार वर्षांपूर्वी गेले. अंत्यविधीला मी पुढं होतो, खांदा दिला. लोक म्हणाले, सरांचा जीव होता मामांवर. होता, खरंच होता.

गेल्या उन्हाळ्यात सुरेखा आली. सोळा वर्षांनी दुकानात. माहेरी आली होती, अंगणवाडीत मदतनिसाचा फॉर्म भरायचा होता. वयाची अट पुढच्या वर्षी संपणार. “तिकडं लई घोळ करून ठेवतात फॉर्मचा, म्हनलं सरांकडूनच भरून घ्यावा,” म्हणाली. प्लास्टिकच्या पिशवीतून गुणपत्रिका काढली. घडीवर चिरलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. मी एकेक विषयाचे गुण टाइप केले. तिचा नवरा, घर, दोन पोरं — ती सांगत होती, तक्रार कसलीच नाही. सासूनं आधी नोकरीला नाही म्हटलं, आता हो म्हणतेय, एवढंच.

प्रिंट निघत होती तेव्हा ती खिडकीकडं बघून म्हणाली, “इथंच होता न्हाई का तो उभा टीव्ही?”

मी हो म्हटलं.

“मला ना सर, लई वर्षं वाटायचं, मीच घाईत नीट वाचलं नसंल. बोट लावून वाचलंतं, तरी. रात्री पडलं की वाटायचं, नाव आसंल, माझ्याच डोळ्याला दिसलं नसंल. मीच थांबून परत वाचलं आस्तं तर. बाबा म्हनले बोर्डाची चूक, पर मन काय ऐकतंय?” मग ती माझ्याकडं वळली. अगदी सहज, जुन्या माणसाला विचारावं तसं विचारलं, “तुमी आत होतात. खरं सांगा — होतं का हो माझं नाव?”

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मामा नव्हते, मुख्य सर नव्हते. हॉर्न वाजवणारं कुणी नव्हतं.

“नव्हतं,” मी म्हणालो.

तिनं मोठा श्वास सोडला. “मग बरं झालं,” म्हणाली. फॉर्म पिशवीत घातला, पदर सावरला आणि उन्हात उतरली.

नाव होतं.